प्रथिनाचा तागा, पेशीची कात्री

धास्ती वाढवणारं एक पेप्टाइड आणि ती शमवणारं दुसरं, अशी दोन्ही मेंदूच्या अमिग्डाला या इवल्याशा भागात समोरासमोर आली तर काय होतं? नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात, अमरावती रोडवर, हा प्रश्न उंदरांवर तपासला गेला. डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे आणि सहकाऱ्यांचा निबंध २००५ मध्ये ‘ब्रेन रिसर्च’मध्ये आला. न्यूरोपेप्टाइड वाय धास्ती कमी करतं, अल्फा-एमएसएच वाढवतं आणि अमिग्डालात दोघं एकमेकांच्या कामात हात घालतात, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी या गटाने दारूचा विषय घेतला. दारू पोटात गेल्यावरची निश्चिंती आणि ती तुटल्यावरची बेचैनी, दोन्हींत अल्फा-एमएसएचचा सहभाग असल्याचं त्यांनी मांडलं.

या अल्फा-एमएसएचची जन्मकथा मला त्याच्या कामाहून रंजक वाटते. ते थेट तयार होतच नाही. पेशी आधी पीओएमसी नावाचं लांबलचक प्रथिन विणते, माणसात २४१ अमिनो आम्लांचं. कापडाचा तागाच म्हणा. त्यावर लायसिन आणि आर्जिनिनच्या जोड्या शिंप्याच्या खडूच्या खुणांसारख्या ठिकठिकाणी असतात. विकरांची कात्री नेमकी तिथे चालते. पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागातल्या पेशींकडे पीसी-१ ही कात्री असते. ती ३९ अमिनो आम्लांचं एसीटीएच बेतते. हे संप्रेरक रक्तातून अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जाऊन त्यांना कॉर्टिसॉल स्रवायला लावतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींकडे पीसी-२ ही दुसरी कात्रीसुद्धा असते. तिथे एसीटीएचवर पुन्हा कात्री चालते आणि त्याच्या पहिल्या १३ अमिनो आम्लांपासून, टोकांवर थोडे रासायनिक संस्कार होऊन, अल्फा-एमएसएच बनतं. त्याच ताग्याच्या शेवटच्या भागातून बीटा-एन्डॉर्फिन निघतं, शरीराचं घरचं वेदनाशामक. जनुक एकच, एका पेशीत त्यातून ताणाचा निरोप निघतो, दुसरीत अल्फा-एमएसएचमार्फत भुकेला लगाम. त्यामुळे जनुकांची यादी हाती आली म्हणून मेंदू कळत नाही. कुठल्या पेशीत कुठली कात्री आहे, हे जागेवर जाऊनच पाहावं लागतं.

ताग्यातच खोट असेल तर? १९९८ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी अशी दोन मुलं नोंदवली. केस तांबडे, वजन बेसुमार, अधिवृक्क ग्रंथी थंडावलेल्या. दोघांच्याही पीओएमसी जनुकात बिघाड होता. केसांचा गडद रंग आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्हींना अल्फा-एमएसएच लागतं, आणि तेच नव्हतं. त्याची नक्कल करणारं सेटमेलॅनोटाइड अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, पीसी-१ सदोष असलेल्या रुग्णांसाठीही.

नागपूरच्या गटाचं मला अधिक आवडणारं काम मात्र माशांवरचं आहे. मागूर माशाच्या घ्राणसंस्थेपासून पीयूषिकेपर्यंत न्यूरोपेप्टाइड वाय कुठेकुठे आहे, याचा नकाशा त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे आफ्रिकन मागुराला उपाशी ठेवून, ग्लुकोज, इन्सुलिन, लेप्टिन देऊन, मेंदूतलं कार्ट हे पेप्टाइड कसं बदलतं ते पाहिलं; तो निबंध २०११ चा.

या विषयात मासा उपरा नाही. चेतापेशी ग्रंथीसारखी स्रवू शकते, ही कल्पनाच अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या हायपोथॅलॅमसवरून मांडली. तेव्हा ती फारशी कुणाला पटली नाही. त्यांच्या पत्नी बर्टा कीटकांमध्ये तशाच पेशी शोधत राहिल्या. शिकागोत त्यांना ना पगार होता, ना संशोधनासाठी पैसा. म्हणून त्यांनी इमारतीच्या तळघरात फुकट मिळणारी झुरळं कामाला लावली.