किनारी पदभ्रमण, हिवाळी

किनारी पदभ्रमण, हिवाळी : हिवाळ्यात समुद्रकिनाऱ्यालगत पायी प्रवास करीत तेथील पशुपक्ष्यांचे त्यांच्या नैसर्गिक परिस्थितीत निरीक्षण करण्याचा छंद. गिरिभ्रमणाप्रमाणेच या छंदातही व्यायाम, निसर्गशिक्षण व मनोरंजन यांचा मेळ साधला जातो. मात्र गिरिभ्रमणात वाटेचा चढउतार निर्णायक असतो, तर किनारी पदभ्रमणात भरती-ओहोटी. सकाळी जेथे रुंद पुळण असते, तेथेच दुपारी कड्याच्या पायथ्याशी लाटा आपटत असतात. त्यामुळे या प्रवासाची आखणी प्रथम तिथीवरून व नंतर घड्याळावरून करावी लागते. प्रस्तुत नोंदीत या छंदाचा विचार मुख्यत्वे कोकण किनाऱ्याच्या संदर्भात केला आहे.

प्रदेश व हंगाम : महाराष्ट्राचा किनारा परंपरागत मोजणीनुसार सु. ७२० किमी. लांबीचा आहे. तो सलग पुळणीचा नसून वाळूचे पट्टे, खडकाळ भूशिरे व खाड्या यांची त्यात आलटून पालटून रचना आढळते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री इ. नद्यांच्या खाड्यांमुळे पायी प्रवासाचे आपोआपच टप्पे पडतात. खाड्यांच्या काठी तिवर, चिपी, कांदळ इ. खारफुटी वनस्पतींची वने आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तर मार्चनंतर उष्मा व दमटपणा वाढतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. या दिवसांत पहाटे मतलई वारे वाहतात व समुद्र बहुधा शांत असतो. दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर लाटा वाढतात. त्यामुळे होडीचा प्रवास व डॉल्फिनांचे निरीक्षण सकाळीच उरकणे इष्ट असते. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी असल्याने समुद्राच्या बाजूचे पक्षी स्पष्ट दिसतात. सायंकाळी तेच पक्षी उजेडाविरुद्ध केवळ काळ्या आकृत्यांसारखे भासतात.

तिथी व भरती-ओहोटी : कोकण किनाऱ्यावर दिवसातून सामान्यपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. लागोपाठच्या दोन भरत्यांत सु. १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरतीची वेळ रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाण्याची पातळी सर्वाधिक वरखाली होते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो. त्यास भांग म्हणतात. उधाणाच्या वेळी मुंबईजवळ हा फरक ४ ते ५ मी. पर्यंत असतो व दक्षिणेकडे तो कमी होत जातो.

भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. उदा., चतुर्थीस सु. ३ वाजता, अष्टमीस सु. ६ वाजता व एकादशीस सु. सव्वाआठ वाजता भरती पूर्ण होते. त्यानंतर सु. सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. स्थळपरत्वे यात सु. एक तासापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून अचूक वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक भरती-ओहोटी कोष्टके पाहावीत अथवा स्थानिक कोळ्यांकडे चौकशी करावी.

वरील हिशेबावरून प्रवासाचे दिवस निवडता येतात. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढील तृतीयेपर्यंत सकाळी ६ ते ८ च्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. त्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते व चालणे सुलभ होते. दहा वाजण्याच्या सुमारास चढते पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे आणते आणि प्रकाशही अनुकूल असतो. याउलट अष्टमी ते एकादशी या तिथींना सकाळी भरती असल्याने पुळणीवरून चालण्यास थोडीच जागा उरते. हे दिवस खाडीकाठ, गावे, किल्ले व डोंगरवाटा यांसाठी राखून ठेवावेत.

पक्षी : हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर उत्तरेकडील प्रदेशांतून मोठ्या संख्येने पक्षी येतात. तपकिरी डोक्याचा कुरव हा तिबेट व लडाखसारख्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी प्रजोत्पादन करणारा पक्षी हिवाळ्यात मासेमारी बंदरांभोवती थव्यांनी आढळतो. त्याच्या सोबत काळ्या डोक्याचा कुरव, सुरय तसेच चिखल्या व तुतवार यांच्या विविध जाती दिसतात. हिवाळ्यात या कुरवांच्या डोक्याचा गडद रंग नाहीसा होऊन केवळ डोळ्यामागे ठिपका उरतो. त्यामुळे नवख्या निरीक्षकाची ओळखण्यात चूक होते. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कुरल गाळात खोलवरचे खेकडे व कृमी शोधतो, तर आखूड चोचीचा चिखल्या पृष्ठभागावरील भक्ष्य टिपतो. चोचींच्या या भेदामुळे एकाच चिखलपट्टीवर अनेक जाती एकत्र चरू शकतात. कड्यांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड व ब्राह्मणी घार आढळते. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे मोठे थवे येतात. तेथे २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.

कासवे व अन्य प्राणी : ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येऊन वाळूत खड्डा करते व सु. १०० ते १५० अंडी घालते. सु. ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडून समुद्राकडे जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून अंड्यांच्या संरक्षणाचे कार्य सुरू केले. पूर्वी अंडी माणसे व कुत्री-कोल्ही यांच्या हाती पडत. आता ती कुंपण घातलेल्या जागेत हलवून पिले समुद्रात सोडण्यात येतात. ती पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे ग्रामस्थांना निवासभोजनाचा व्यवसाय मिळाला. केवळ पिले पाहावयाची असल्यास फेब्रुवारीनंतरचा काळ निवडावा. दक्षिणेस मालवण येथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. मुरूड (जि. रायगड) जवळील फणसाड अभयारण्यात शेकरू आढळते.

नमुना मार्ग : चार दिवसांच्या प्रवासासाठी वेळास ते हर्णै हा पट्टा उपयुक्त आहे. बाणकोट किल्ला व वेळासची पुळण पाहून दक्षिणेस निघाल्यावर भारजा नदीची खाडी आडवी येते. तिच्या मुखाशी केळशीची वाळूची टेकडी आहे. तेथून आडे, पाडले या गावांवरून आंजर्ल्यास पोहोचता येते. पुढे जोग नदीच्या खाडीपलीकडे हर्णै बंदर लागते. तेथे दुपारनंतर मासळीचा लिलाव चालतो व कुरवांचे थवे जमतात. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. प्रत्येक खाडी कोठे व कशी ओलांडता येईल याची चौकशी आदल्या मुक्कामी करावी. रोज ८ ते १२ किमी. पेक्षा अधिक चाल ठेवू नये, अन्यथा निरीक्षणास वेळ उरत नाही. कोकण रेल्वेवरील खेड स्थानकावरून दापोलीमार्गे या भागात येता येते.

साहित्य व सुरक्षितता : ८ × ४० शक्तीची दुर्बीण, टिपणवही, टोपी, पुरेसे पिण्याचे पाणी, विजेरी व फिकट, निसर्गाशी मिळतेजुळते कपडे आवश्यक असतात. खडकांवरील कालवांच्या शिंपल्या धारदार असल्याने अनवाणी चालू नये. भूशिराला वळसा घालावयाचा असल्यास ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी निघावे, म्हणजे परतीसाठी अवधी राहतो. हरिहरेश्वर येथील प्रदक्षिणामार्ग भरतीच्या वेळी लाटांखाली जातो. अशा ठिकाणी स्थानिकांचा सल्ला डावलणे प्राणावर बेतू शकते. खाडीतील गाळात माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओघ प्रबळ असतो. तेथे पोहू नये.

निरीक्षकाचे वर्तन : ओहोटीचे जे थोडे तास पदभ्रमणास सोयीचे असतात, तेच पक्ष्यांच्या चरण्याचे असतात. भरती येताच त्यांचे अन्न पाण्याखाली जाते. या काळात थवा वारंवार उडवला गेल्यास चरण्याचा वेळ बुडतो व शक्तीही खर्च होते. उत्तरेकडील परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी लागणारी चरबी हे पक्षी याच चराईवर साठवतात. केवळ छायाचित्रासाठी थवा उडविणे त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाही. थव्यापासून सु. १०० मी. अंतर राखावे, त्याला जमिनीकडील बाजूने वळसा घालावा आणि पक्षी माना उंचावून चरणे थांबवताच मागे सरावे. भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर विसावलेल्या थव्याजवळ जाऊ नये. रात्री पुळणीवर विजेरीचा प्रखर झोत टाकू नये, कारण कृत्रिम उजेडाने कासवांची पिले दिशा चुकतात. वाहने पुळणीवर नेऊ नयेत. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षण आहे व त्यांची अंडी अथवा पिले हाताळणे हा गुन्हा ठरू शकतो.

पाहिलेल्या जाती, त्यांची संख्या, स्थळ, तिथी व भरतीची वेळ यांची नोंद ठेवल्यास तीच वाट पुढील वर्षी पुन्हा चालताना तुलना करता येते. एखाद्या पुळणीवर कुरल येईनासे झाले, तर ते प्रथम अशा नियमित नोंदींवरूनच ध्यानात येते.