क्युसेक म्हणजे किती पाणी? पुराआधी मुलांना शिकवायच्या काही गोष्टी

पावसाळ्यात नाशिककरांच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास फिरतो: गंगापूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. घरातल्या दहावीच्या मुलाला किंवा मुलीला विचारून बघा, क्युसेक म्हणजे किती पाणी? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा धडा आहे. मुलं तो पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण त्या धड्याचा आणि आपल्या गोदावरीचा संबंध त्यांना कोणी जोडून देत नाही. तो जोडून देणं हे शाळा, मदरसा आणि पालक या तिघांचंही काम आहे.

पूर सांगून येतो

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, तेव्हा लोक झोपेत होते. कसलीच पूर्वसूचना नव्हती. नाशिकच्या पुराचं तसं नाही. 19 सप्टेंबर 2008 चा पूर अनेकांना आठवत असेल. रमजानचे दिवस होते आणि वार जुम्म्याचा. त्यानंतर ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्येही गोदावरीने शहरात पाणी आणलं. मोठा पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात जातात.

पण गंगापूर धरण शहराच्या वरच्या बाजूला आहे. तिथून सोडलेलं पाणी शहरात यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. तो कसा वापरायचा, हेच मुलांना शिकवायचं आहे.

आकडा वाचायला शिकवा

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर पाणी. 10 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला 2 लाख 80 हजार लिटर. गल्लीत येणारा पाण्याचा टँकर 10 हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला 28 टँकर! असं सांगितलं की सहावीतल्या मुलालाही कळतं.

बातमीत दुसरा आकडा होळकर पुलाखालच्या पाण्याचा असतो. तो धरणाच्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतो, कारण मधल्या भागातला पाऊस आणि नाल्यांचं पाणीही नदीत मिसळतं. म्हणून दोन्ही आकडे बघायचे. जुने नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजतात. तीही एक मोजपट्टीच आहे.

आणि धोका फक्त नदीचा नाही. जुन्या नाशकातून येणारा सरस्वती नाला जोराच्या पावसात दहीपूल, सराफ बाजाराकडे पाणी आणतो. नदी चढलेली असली की नाल्याच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. मालेगावच्या कुटुंबांनी असाच विचार गिरणा आणि मोसमचा करायला हवा.

मुलांना हे यायलाच हवं

- वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर त्यात उतरायचं नाही. साधारण अर्धा फूट जोरदार पाणी मोठ्या माणसालाही पाडू शकतं.
- पूर बघायला किंवा रील काढायला पुलावर जायचं नाही.
- घरात पाणी शिरण्याआधी मोठ्यांनी मेन स्विच बंद करायचा. ओल्या हाताने, पाण्यात उभं राहून तर मुळीच नाही.
- वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही.
- हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा.
- 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 हे नंबर तोंडपाठ हवेत.

मदरसा आणि मोहल्ला

आपली बरीच मुलं दिवसा शाळेत आणि सकाळ-संध्याकाळ मकतबमध्ये असतात. म्हणून सराव दोन्हीकडे हवा: बाहेर पडायचा रस्ता कोणता, लहानांचा हात कोण धरणार, बाहेर आल्यावर हजेरी कोण घेणार. मशिदीचा माईक सखल गल्ल्यांपर्यंत खात्रीची सूचना पोहोचवू शकतो. ती आधी 1077 वर विचारून घ्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्हे.

घरी आधार, रेशन कार्ड, शाळेचे दाखले आणि रोजची औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. ती कुठे आहे हे मुलांनाही माहीत असावं. दादा-दादींना कोण सोबत नेणार, हेही आधीच ठरवून ठेवावं.

2004 च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या 10 वर्षांच्या इंग्लिश मुलीने समुद्राचं विचित्र फेसाळणं ओळखलं. दोनच आठवड्यांपूर्वी ती भूगोलाच्या तासाला हे शिकली होती. तिच्या सांगण्यामुळे किनारा रिकामा झाला आणि सुमारे 100 लोक वाचले.

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे. आधी तो बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हे आपण मुलांना शिकवतोच. या रविवारी अर्धा तास काढा. मुलांसोबत घरापासून उंचावरच्या सुरक्षित जागेपर्यंत एकदा चालत जा आणि किती मिनिटं लागतात ते मोजा.