सोडा कुठला आणि किती?

निळी फिल्म चिकटवलेला तांब्याचा बोर्ड डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला जातो, आणि बघता बघता फिल्मचे पापुद्रे सुटून तासभर खपून उतरवलेलं सर्किट पाण्यावर तरंगू लागतं. घरी पीसीबी बनवणाऱ्या कित्येकांवर ही वेळ येते. दोष यूव्ही दिव्याला दिला जातो. चूक मात्र पुष्कळदा ट्रेमधल्या सोड्यात असते.

डेव्हलपरचं काम एवढंच: प्रकाशाने उमटवलेल्या नक्षीतला नको असलेला थर धुऊन काढायचा, म्हणजे पुढे एचिंगमध्ये फेरिक क्लोराइडला तिथलं तांबं खाता येतं. पण हे थर दोन जातींचे असतात. पॉझिटिव्ह लेपावर जिथे यूव्ही पडतो, तिथे आम्ल तयार होतं आणि तेवढा भाग अल्कलीत विरघळतो. त्याला कॉस्टिक सोडा लागतो, लिटरभर पाण्यात साधारण 7 ते 10 ग्रॅम. निळी ड्राय फिल्म उलट वागते. प्रकाश पडलेला भाग कडक होतो आणि उरलेला धुण्याच्या सोड्यासारख्या सौम्य अल्कलीतही निघतो. तिच्यावर कॉस्टिक ओतला, तर कडक झालेला भागही सुटतो.

ड्राय फिल्मसाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लिटरला सुमारे 10 ग्रॅम पुरतो. खरा घोटाळा वजनात होतो. पांढरी कोरडी पूड आणि पारदर्शक खडे ही एकाच सोड्याची दोन रूपं. पण खड्यांच्या वजनात जवळजवळ 63 टक्के पाणीच असतं. म्हणून 10 ग्रॅम पुडीच्या जागी 27 ग्रॅम खडे घ्यावे लागतात. चमच्याने मोजणाऱ्याला हा फरक कळणारच नाही. त्यापेक्षा छोटा डिजिटल काटा घेतलेला केव्हाही बरा.

खायचा सोडा त्याच्या जागी चालत नाही, तो फारच सौम्य. मात्र 200 अंशांच्या ओव्हनमध्ये, स्टीलच्या पसरट भांड्यात तो तासभर तापवला, की त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा उरतो. 100 ग्रॅमचे सुमारे 63 ग्रॅम झाले, की काम झालं.

कॉस्टिकशी सलगी नको. नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. विरघळताना तो इतका तापतो की द्रावण उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं वर्ज्य, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. उघड्या बाटलीतला कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावतो, म्हणून द्रावण लागेल तेवढंच कालवावं. सोडियम मेटासिलिकेटचा डेव्हलपर अधिक टिकतो आणि वेळेची थोडी चूक सांभाळून घेतो. नवशिक्याने पॉझिटिव्ह बोर्डासाठी तोच शोधावा.

ड्राय फिल्मचं द्रावण कोमट, 30 अंशांच्या आसपास असावं. बोर्ड बुडवण्याआधी वरचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नये. ते राहिलं तर कितीही घासा, काही निघत नाही. आधी एका तुकड्यावर चाचणी घेतली, की वेळेचा अंदाज येतो.

एचिंग झाल्यावर मात्र कॉस्टिकची पाळी येते. आधी ज्याने सर्किट बुडवलं असतं, तोच सोडा आता लिटरला 30 ग्रॅम घेतला की कडक फिल्म सालीसारखी सुटते आणि खालून तांब्याचे चकचकीत ट्रॅक दिसू लागतात.