शून्याची ओळ

मोजणी ही वरवर पाहता फार सोपी गोष्ट वाटते. पण कोणाकोणाला मोजायचे हे आधी ठरवले नाही, तर बिनचूक आकडेमोडही खोटे बोलू शकते. संगणकाच्या बाबतीत हे कसे घडते, ते मला येथे सांगायचे आहे.

आपण रेशन दुकानाचे उदाहरण घेऊ. तेथे दोन तक्ते आहेत असे समजा. एकात सर्व कार्डधारकांची नावे व कार्डक्रमांक. दुसऱ्यात धान्यवाटपाच्या नोंदी, प्रत्येक नोंदीला तिचा क्रमांक आणि धान्य नेणाऱ्याचा कार्डक्रमांक. माहिती अशा परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याचा सिद्धान्त एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. पुढे १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच आजची एस.क्यू.एल.

आता प्रश्न असा : प्रत्येक कार्डावर एकूण किती नोंदी आहेत? पहिल्या कार्डावर ३ आहेत, दुसऱ्यावर १ आणि तिसऱ्यावर एकही नाही. साध्या 'जॉइन'ने दोन्ही तक्ते जोडले, तर फक्त जुळणाऱ्या ओळी उरतात, म्हणजे ४. 'ग्रुप बाय'ने कार्डवार गट पाडले की उत्तर येते ३ आणि १. तिसरे कार्ड यादीत दिसतच नाही!

यावर उपाय 'लेफ्ट जॉइन'चा. तो डावीकडच्या तक्त्यातील प्रत्येक कार्ड राखतो. नोंद नसेल तेथे उजवी बाजू रिकामी, म्हणजे 'नल', ठेवतो. आता ओळी ५ होतात. पण येथेही सावध राहावे लागते. 'काउंट'च्या कंसात तारांकन घातले, तर तो ओळी मोजतो आणि तिसऱ्या कार्डापुढे १ लिहितो. कंसात नोंदक्रमांकाचा स्तंभ दिला, तर रिकामी जागा तो मोजत नाही, आणि खरे उत्तर मिळते : ०.

आणखी एक खाचखळगा आहे. फक्त मार्च महिन्याच्या नोंदी हव्या असतील, तर ती अट जोडणीच्या 'ऑन'मध्ये लिहावी. नंतरच्या 'व्हेअर'मध्ये लिहिली, तर मार्चमध्ये धान्य न मिळालेली कार्डे पुन्हा गळून पडतात.

हा केवळ तांत्रिक काथ्याकूट नव्हे. ज्या घरात धान्य पोहोचले नाही, नेमके तेच घर चुकीच्या यादीतून नाहीसे होते. आणि यादी वाचणाऱ्याला वाटते, सर्वांना धान्य मिळाले. त्या घरापुढे शून्य दिसले, तर निदान कोणी विचारील तरी, की हे शून्य का? समाजशास्त्राच्या पाहणीत असो वा महाविद्यालयाच्या हजेरीत, कोष्टक हाती आले की आपण आधी हे पाहावे, की शून्यवाल्यांना त्यात जागा आहे काय?