धनुष्याचा टणत्कार

गावच्या देवळात रामकथेवर कीर्तन असले की बुवा धनुष्याचा टणत्कार तोंडाने करून दाखवत. आम्हा मुलांना बाणापेक्षा त्या आवाजाचेच आकर्षण अधिक होते. बाणाला मिळायची राहून गेलेली ऊर्जाच त्या आवाजात बोलत असते, ही साधी गोष्ट आम्हाला कळली ती फार उशिरा, पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट पदरी पडल्यानंतर, आणि तीही अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या एका जंगलात. आम्हाला ती कळण्याआधी तिची किंमत एका हरणाने मोजली होती. म्हणून ही हकिगत जरा सविस्तर सांगतो.

२०१२ साली आम्ही मिशिगनमधील एका विद्यापीठात संशोधनासाठी होतो. प्रयोगशाळेला लागणारे सुटे भाग घडवून देणारे यंत्रशाळेतील एक कारागीर दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रजेवर जात. त्यांचे भाऊ, मुले, पुतणे आणि जुने मित्र असे पंधरा-वीस जण राज्याच्या उत्तर भागातील ओक-मेपलच्या रानात तंबू ठोकून राहत आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार करत. त्या वर्षी त्यांनी आम्हालाही बोलावले. सगळा तळ त्यांना आजोबा म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ साली आला आणि शिकारीचा प्रश्न निकालात निघाला. मिशिगनमध्ये परिस्थिती निराळी आहे. राज्याच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पातून लांडगे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसे झाले, आणि पांढऱ्या शेपटीची हरणे मात्र लाखांनी आहेत. परवाना घेऊन शिकार करता येते. १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर धनुष्याचा हंगाम आणि १५ नोव्हेंबरपासून बंदुकीचा. योगायोग असा, की ज्या १९७२ मध्ये आपला कायदा झाला त्याच वर्षी अमेरिकेने धनुष्यबाणांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसवून तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आम्ही स्वतः शाकाहारी. गेलो ते कुतूहलापोटी, आणि बरोबर डाळ-तांदूळ घेऊन. एका रात्री सगळ्या तळाला आमची खिचडी जेवावी लागली, हे ओघाने आलेच.

बंदुकांच्या देशात धनुष्य का, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे एक मूळ कॅलिफोर्नियात आहे. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीतील एकटाच उरलेला एक माणूस सापडला. त्याला इशी म्हणू लागले. सॅक्स्टन पोप हे डॉक्टर त्याच्यावर उपचार करता करता त्याचे मित्र झाले आणि धनुष्य घडवणे, बाण करणे, दबा धरून बसणे हे सारे त्याच्याकडून शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी ती विद्या १९२३ साली पुस्तकात लिहिली, ती वाचून अनेकांनी धनुष्य हाती घेतले. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये आणि मिशिगनने १९३७ मध्ये धनुष्याचा वेगळा हंगाम ठेवला. पुढे १९६९ मध्ये कप्पीसारखी चाके बसवलेल्या धनुष्याचे पेटंट निघाले. ते पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण निम्म्याहून खाली येतो, आणि बाणही फार वेगाने सुटतो. आजोबांच्या तळावर त्याला बंदी होती. नेम धरण्याचे कुठलेही साधन नाही, चाके नाहीत. लाकडाचे किंवा लाकडाला काचतंतूचा थर दिलेले साधे धनुष्य तेवढे चाले. दुसरा नियम स्वयंपाकाच्या तंबूतील फळीवर कोळशाने लिहिलेला होता : वीस पावलांपलीकडे दोरी सोडायची नाही. पाऊल म्हणजे तिकडचा यार्ड, सुमारे ९० सेंटिमीटर. वीस पावले म्हणजे १८ मीटर.

पहिल्याच संध्याकाळी आमच्यातला शिक्षक जागा झाला. आजोबांच्या पुतण्याकडे बाणाचा वेग मोजणारे छोटे यंत्र होते. त्याचे धनुष्य पूर्ण ओढायला सुमारे २०० न्यूटन बल लागे, म्हणजे वीस किलो वजन उचलण्याइतके. ओढण्याचे अंतर अर्धा मीटर. बल शून्यापासून सारखे वाढत जाते असे धरले तर सरासरी १०० न्यूटन, आणि धनुष्यात साठलेली ऊर्जा १०० × ०.५ = ५० जूल. त्याचा ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटत होता. त्याची गतिज ऊर्जा ½ × ०.०३ × ५० × ५० = ३७.५ जूल. म्हणजे धनुष्य तीन चतुर्थांश कार्यक्षम. हे आकडे शेकोटीभोवतीच्या मंडळींना आवडले. रायफलच्या गोळीत याच्या जवळजवळ शंभरपट ऊर्जा असते. बाण धक्क्याने मारत नाही, त्याचे वस्तऱ्यासारखे पाते रक्तवाहिन्या कापते. म्हणून तो छातीतच, फुप्फुसे आणि हृदय असलेल्या वीत-सव्वा वीत रुंद जागेतच लागायला हवा, एवढे त्यांनी आम्हाला समजावले.

मग आम्ही एक पाऊल पुढे गेलो. हवेच्या विरोधाने बाणाचा वेग किती घटतो ते मांडले. पस्तीस पावलांवरही, म्हणजे ३२ मीटरवर, वेगातला फार तर दहावा हिस्सा जातो आणि चार पंचमांश तरी ऊर्जा शिल्लक राहते. ‘मग वीस पावलांचा नियम जरा जास्तच कडक नाही का?’ असे आम्ही विचारले. आजोबांनी वाद घातला नाही. लाकडे विस्तवात सरकवली आणि झोपायला गेले. पुतण्या मात्र लक्ष देऊन ऐकत होता.

दोन दिवसांनी सूर्य मावळता मावळता त्याने पस्तीस पावलांवरच्या हरणावर बाण सोडला. नेम चुकला नव्हता, असे तो शपथेवर सांगे आणि आमचा त्यावर विश्वास आहे. बाण छातीत न लागता पाठीच्या वरच्या मांसात लागला. हरीण पळाले. अर्धा तास थांबून आम्ही सगळे कंदील घेऊन निघालो. रक्ताचा थेंब दिसला की तिथे पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे मागे वळून पाहिले की कागदांच्या रांगेवरून दिशा कळते. पण ऑक्टोबरात मेपलच्या गळलेल्या पानांवर तांबडे ठिपके असतात. प्रत्येक ठिपका बोटाने चोळून पाहावा लागे. मध्यरात्रीपर्यंत अडतीस कागद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी चार. त्यानंतर काही सापडले नाही. पुतण्याने धनुष्याची दोरी उतरवली आणि उरलेले दिवस तो लाकडे फोडत राहिला. आम्हाला कुणी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

आमचा हिशोब चूक नव्हता. तो भलत्या प्रश्नाचा होता. बाण किती जोराने लागेल हे आम्ही काढले होते. बाण पोहोचेल तेव्हा हरीण कुठे असेल हे काढलेच नव्हते.

ते काढायला दहावीपर्यंतचे गणित पुरते. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर, पण आवाजाचा सुमारे ३४० मीटर. दोरीचा टणत्कार बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानी पोहोचतो. १८ मीटरवर आवाज ०.०५ सेकंदात जातो, बाणाला ०.३६ सेकंद लागतात. मध्ये ०.३१ सेकंद उरतात. ३२ मीटरवर आवाजाला ०.०९ सेकंद, बाणाला ०.६४, मध्ये ०.५५ सेकंद. आता दचकून हालचाल सुरू करायला हरणाला ०.२ सेकंद लागतात असे धरू. पहिल्या बाबतीत त्याच्याजवळ ०.११ सेकंद राहतात, दुसऱ्या बाबतीत ०.३५.

एवढ्या वेळात ते काय करते? पळण्यासाठी उडी घ्यायची तर आधी पाय दुमडावे लागतात. आपणही उंच उडी मारण्यापूर्वी गुडघे वाकवतोच. पाय सैल पडले की शरीर गुरुत्वाकर्षणाने खाली येते, आणि किती खाली ते ½gt² या सूत्राने निघते. ०.११ सेकंदात ६ सेंटिमीटर. ०.३५ सेकंदात ६० सेंटिमीटर! अंतर दुपटीलाही पोहोचले नाही आणि हरणाचे खाली बसणे दहापट झाले. कारण उघड आहे : सुरुवातीचे ०.२ सेकंद दोन्हीकडून सारखेच वजा होतात आणि उरलेल्या वेळाचा वर्ग होतो. त्या संध्याकाळी हरीण पुरते खाली बसले असते तर बाण पाठीवरून निघून गेला असता. ते थोडेच बसले, आणि तेच वाईट झाले.

याशिवाय अंतराच्या अंदाजाची चूक असतेच. डोळ्याने मोजताना दहा टक्के इकडेतिकडे होणे काही विशेष नाही. हरीण आपल्या अंदाजापेक्षा दहा टक्के दूर असेल तर या वेगाचा बाण १८ मीटरच्या सुमारास ७ सेंटिमीटर खाली लागतो, ३२ मीटरच्या सुमारास २२ सेंटिमीटर खाली. वीत-सव्वा वीत रुंद जागेच्या मध्यावर नेम धरला तर काठापर्यंत दहा-बारा सेंटिमीटर असतात. सात आत बसतात, बावीस बसत नाहीत.

मग हलका बाण वापरून वेग का वाढवू नये? इथे पॉल क्लॉपस्टेग आणि क्लॅरन्स हिकमन या दोन पदार्थवैज्ञानिकांची आठवण होते. १९३० च्या दशकात दोघांनीही छंद म्हणून धनुष्याला प्रयोगशाळेत नेले. क्लॉपस्टेग यांनी मांडलेली एक कल्पना फार कामाची आहे. बाणाबरोबर धनुष्याची टोके आणि दोरी हीही हलतात. बाणाला जणू एक अदृश्य जादा वजन चिकटलेले आहे असे समजायचे, आणि ऊर्जेचा त्या वजनाच्या वाट्याला येणारा भाग धनुष्यातच राहतो. पुतण्याच्या धनुष्यात हे आभासी वस्तुमान १० ग्रॅम निघते, कारण ४० पैकी ३० ग्रॅम बाणाचे म्हणजेच तीन चतुर्थांश. आता बाण २० ग्रॅमचा केला तर त्याला ५० पैकी ३३ जूल मिळतील आणि वेग ५८ मीटर होईल, पण धनुष्यात उरलेली ऊर्जा साडेबारा जुलांवरून जवळजवळ सतरावर जाईल. ती ऊर्जा दोरी आणि लाकूड थरथरण्यात जाते; तिचा अगदी लहान अंश आवाज होतो, पण हरणाच्या कानाला तेवढा पुरतो. ४० ग्रॅमचा बाण उलट मंद, पण धनुष्य शांत. (बाण न लावताच दोरी सोडली तर पन्नासच्या पन्नास जूल धनुष्यात राहतात आणि ते मोडू शकते, हे पोरांना अवश्य सांगावे.) तळावरची माणसे जड बाण वापरत आणि दोरीला लोकरीचे गोंडे बांधत. हे गोंडे शोभेचे आहेत असा आमचा पहिल्या दिवशी समज झाला होता.

२०१३ च्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो. आमंत्रण आले याचेच आश्चर्य वाटत होते. या वेळी सोबत एक फूटपट्टी नेली. हा प्रयोग कोणत्याही वर्गात होतो. एकाने पट्टी वरून लोंबती धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे. न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर लागलेला वेळ ०.२ सेकंद, १५ घसरली तर ०.१७५. हरणासाठी वापरले तेच सूत्र, फक्त उलटे. शेकोटीभोवती सगळ्यांनी पट्टी पकडून पाहिली. पुतण्याने एकदा, मग पुन्हा एकदा पकडली. दोन्ही वेळा सतराच्या आसपास. तो बराच वेळ पट्टीकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, ‘म्हणजे ते माझ्याहून हळू असते तरी वाचले असते.’ मग थोडे थांबून, ‘किंवा नसते.’

आजोबांची बारा वर्षांची नात त्या वर्षी प्रथमच धनुष्य घेऊन बसणार होती. तिचे धनुष्य हलके, बाण सेकंदाला ४५ मीटरने जाई. आजोबांनी आमची वही मागून घेतली आणि विचारले, ‘हिच्या बाणाला वीस पावलांवर किती?’ आम्ही मांडून सांगितले, ‘हरीण दहा-अकरा सेंटिमीटर खाली बसलेले असेल.’ म्हणजे अगदी काठावर.

‘आणि पंधरावर?’

‘दोन.’

ते काही बोलले नाहीत. सकाळी चहाला तंबूत गेलो तर फळीवर वीसच्या आकड्याखाली कोळशाने नातीचे नाव आणि त्यापुढे पंधरा लिहिलेले होते. ती त्या आठवड्यात तीनदा मचाणावर बसली. एक हरिणी अठरा पावलांवर येऊन ओकची फळे खात दहा मिनिटे उभी होती, असे तिने परत आल्यावर सांगितले, आणि खिचडी पुन्हा कधी करणार असे विचारले.