किनाऱ्यावरची फेरी: आधी कॅलेंडर बघा, मग वाळू



मागच्या हिवाळ्यात आपल्या एका गटाने पर्यटकांसाठी किनाऱ्यावरची फेरी सुरू करायचं ठरवलं. पक्षी दाखवायचे, खेकडे दाखवायचे, शेवटी चहा आणि घावणे. मी उत्साहात रविवारी सकाळी साडेसातची वेळ देऊन टाकली. गटातल्या एक काकी म्हणाल्या, "अगो बाय, त्या दिवशी दशमी. सकाळी पाणी भरलेला आसतला. लोकांका काय दाखवतलंस, लाटा?" मी हसण्यावारी नेलं. रविवारी पाणी पार सुरूच्या झाडांपाशी आलेलं! पाहुण्यांनी चार कावळे बघितले, घावणे खाल्ले, पैसे दिले आणि गेले. परत कोणाचा फोन आला नाही. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला तिथी कोणी शिकवली नव्हती.

काकींचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. दशमीला 10 ची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा 1 पासून मोजायचं. तासाभराचा फरक पडू शकतो, तेवढा धरून चला. द्वितीयेला दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप लांब आत जातं. म्हणून फेरीसाठी प्रतिपदा ते तृतीया उत्तम. रविवार असो की बुधवार.

ओहोटीच का? कारण तेव्हा ओली वाळू उघडी पडते आणि पक्ष्यांचं ताट वाढलेलं असतं. लाटेच्या कडेने छोटे, मातकट रंगाचे पक्षी तुरुतुरु पळतात, थांबतात, टोचतात, परत पळतात. हे चिखले. त्यांची चोच आखूड, म्हणून वरचं दिसेल तेवढंच उचलतात. लांब चोचीचे तुतवार न पळता चोच खोल खुपसून किडे काढतात. तुम्ही तिसऱ्या काढायला जाता तेव्हा रोज हे बघता, फक्त नाव माहीत नसतं. नावाची भीती बाळगू नका. "चोच बघा, म्हणजे तो काय खातो ते कळेल," एवढं सांगितलं तरी पाहुणा खूश होतो. यातले काही चिखले उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे अंडी घालतात आणि थंडीत आपल्याकडे येतात, हेही सांगा.

रापण ओढत असतील तिथे सीगल असणारच. ते ऑक्टोबरच्या सुमाराला येतात. थंडीत डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका. मार्चकडे काहींचं डोकं तपकिरी व्हायला लागलं, की समजायचं, परतीची तयारी. पाहुणे त्यांना शेव-गाठी टाकतात, ते थांबवा. तो त्यांचा खाऊ नाही. (मीही कॉलेजच्या सहलीत टाकली होती, कबूल.)

वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ना? ती चिमुकल्या खेकड्यांची. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं, ओहोटीला परत सुरू. लहान मुलं इथून हलत नाहीत, त्यामुळे इथे वेळ ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत पहाटे पाण्यापासून वर गेलेला आणि परत आलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग दिसला, तर तो ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीचा. ती रात्री येऊन वाळूत शंभरच्या आसपास अंडी घालून जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. मागावर पाय देऊ नका, उकरू नका, गावातल्या कासवमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. अंडी काढणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पाहुण्याला पिल्लू हातात घेऊन फोटो हवा असतो, जास्त पैसेही देऊ करतो. तिथे नाही म्हणायचं. मोबाईलच्या उजेडाने पिल्लं समुद्राची दिशा चुकतात. एका ताईंनी मला विचारलं, "पाहुणो रागावलो तर?" रागावू दे. मंडणगडच्या वेळासला लोक लांबून येतात ते कासवांसाठीच. कासवं राहिली तरच पाहुणे येणार.

पैशाचं म्हणाल, तर माणशी किती घ्यायचे ते बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. फेरी नेणाऱ्या ताईचा मेहनताना वेगळा दाखवा, घावण्यांचा वेगळा. चालणं-बोलणं हेही काम आहे, ते फुकटात धरू नका. गटाच्या पैशातून एक साधी दुर्बीण घेतली तर चालेल, पण पहिल्या फेरीला तिची गरज नाही.

येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला आपण फक्त आपल्यासाठी सरावाची फेरी करतोय. पावणेसातला रापणीच्या होडीपाशी या. वेळ या खेपेला काकींनी काढली आहे.