फिरत्या पिंपातील कण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिमेंटच्या भट्टीपासून औषधी गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या पात्रापर्यंत फिरत्या पिंपांचा उपयोग सर्वत्र होत असला, तरी त्यांच्या पोटात कण कसे वाहतात याविषयी काही भ्रम अद्याप दृढ आहेत.

गैरसमज : पिंप फिरले की सारा माल ढवळला जातो.
वस्तुस्थिती : मंद गतीत बहुतेक कण पिंपाबरोबर घनपिंडाप्रमाणे वर चढतात; घरंगळतो तो केवळ पृष्ठभागाचा पातळ थर, आणि मिश्रणही मुख्यतः तेथेच होते. कण लहानमोठे असल्यास लहान कण फटींतून झिरपून गाभ्यात जमतात. म्हणजे मिश्रणाऐवजी विभागणीच पदरी पडते.

गैरसमज : वेग वाढवावा तितके मिश्रण उत्तम.
वस्तुस्थिती : एक मीटर व्यासाच्या पिंपाच्या मिनिटाला सुमारे ४२ फेऱ्या झाल्या की केंद्रोत्सारी प्रेरणा गुरुत्वाकर्षणाची बरोबरी करते, आणि माल भिंतीला चिकटून नुसता फिरत राहतो.

गैरसमज : वाहता थर आणि खालचा ढीग यांच्यात स्पष्ट सीमारेषा असते.
वस्तुस्थिती : पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करणारे आशिष ओरपे आणि मुंबईच्या आयआयटीतील देवांग खक्कर यांनी पोलादी गोळ्यांनी अर्धे भरलेले अरुंद पिंप फिरवून छायाचित्रे घेतली, ज्यांत प्रत्येक गोळीची रेघ उमटते व रेघेची लांबी कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याच्या अवधीने भागली की वेग हाती येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत असे दिसले, की ढिगात वेग एकाएकी शून्य होत नाही. साधारण एका गोळीच्या व्यासागणिक तो घातांकी रीतीने घटत जातो.

गैरसमज : पिंपाच्या काचेच्या बाजूतून दिसते तेच आत घडते.
वस्तुस्थिती : काचेलगतचे कण घर्षणाने अडखळतात. म्हणून रुंद पिंपांत पॉझिट्रॉन उत्सर्जित करणारा एकच कण सोडून, त्यापासून परस्परविरुद्ध दिशांना निघणाऱ्या गॅमा किरणांच्या जोड्यांवरून त्याचा माग काढतात. ही रीत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झाली. तो कण आकाराने व घनतेने मालासारखाच हवा, अन्यथा त्याची साक्ष मालाविषयी ग्राह्य धरता येत नाही.

गैरसमज : गणिती प्रतिमानाने पृष्ठभागाचा उतार बरोबर वर्तवला की ते सिद्ध झाले.
वस्तुस्थिती : घर्षणांक थोडा इकडेतिकडे केला की उतार जुळवून घेता येतो. वेगाचा खोलीनुसार आलेख, थराची जाडी आणि वेगातील चढउतार या तिन्हींचा मोजणीशी मुकाबला झाल्यावाचून कोणत्याही प्रतिमानाला कारखान्याच्या आराखड्यात स्थान देऊ नये.